'केदार' अपडेट ४ : घोळ 'मे'चाच होता

'केदार' (quedar) या स्पॅनिश क्रियापदाचे अर्थ फ्लॅशकार्डांनी पाठ करणं चालू आहे, एकेका अर्थाचा एकेक गठ्ठा (डेक). 'उरणं'वाला गठ्ठा पक्का झाला असं मागच्या अपडेटमध्ये जाहीर केलं आणि याच आठवड्यात तो कोसळला. ४० पैकी ११ कार्डं परत 'अगेन'वर (म्हणजे उत्तर चुकलं, पुन्हा विचारा), आणि त्यातलं जवळपास प्रत्येक कार्ड 'मे'चं.

ही जोडी बघा. 'मे केदान दोस दियास' म्हणजे माझे दोन दिवस उरलेत. 'मे केदो दोस दियास' म्हणजे मी दोन दिवस राहतोय. पहिल्यात क्रियापद दिवसांप्रमाणे चालतं, म्हणून अनेकवचनी 'केदान'. आपल्या 'मला आंबे आवडतात'सारखंच. दुसऱ्यात ते 'मी'प्रमाणे. दोन्ही रचना मराठी माणसाच्या ओळखीच्या, तरी पाय घसरतो, कारण 'मला' आणि 'स्वतः' दोन्हींना स्पॅनिशमध्ये 'मे' एकच. 'ते' आणि 'नोस'चंही तेच.

उतारा सापडला: वाक्य 'तो'वर न्यायचं. तिथे दोघांची फारकत होते. 'ले केदान दोस दियास', पण 'से केदा दोस दियास'. 'ले' असेल तर उरणं किंवा कपडा बसणं ('ले केदा ग्रांदे', त्याला मोठा होतो). 'से' असेल तर थांबणं, ठेवून घेणं ('से केदा कोन एल लिब्रो', तो पुस्तक ठेवून घेतो). म्हणून 'यो'ची (मी) सगळी कार्डं सस्पेंड केली, 'एल'ची (तो) आधी. क्लोजमध्ये (गाळलेली जागा भरायच्या कार्डात) सर्वनाम आणि क्रियापद एकाच रिकाम्या जागेत टाका. नुसतं सर्वनाम झाकलं तर 'केदान'मधला 'न' उत्तर फोडतो.

तिसरा गठ्ठा मात्र या चाळणीत बसत नाही, त्यात 'ले'ही नाही नि 'से'ही नाही. स्पेनमध्ये 'केदो कोन आना' म्हणजे आनाला भेटायचं ठरवलं. 'से केदो कोन आना' म्हणजे तिच्यासोबत राहिला. (दोन्हीकडे भूतकाळ, आघात 'दो'वर. देवनागरीत तो दिसत नाही, ऑडिओ जोडाच.)

तयार डेकमधली 'केदार = राहणे' छापाची एकशब्दी कार्डं सरळ डिलीट करा. रॉयल स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन कोश फुकट आहे आणि मूळही देतो: लॅटिन 'क्विएतारे', शांत करणे, विसावणे.

तरी 'राहणे' अगदीच टाकाऊ नाही. 'से केदो मिरांदो', बघत राहिला. 'से केदो एम्बारासादा', तिला दिवस राहिले! ही दोन कार्डं पहिल्याच फेरीत बसली.

पुढे 'देहार' (सोडणे) हे क्रियापद घ्यायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच खटकलं: 'से केदो सिएगो' आंधळा झाला, 'से पुसो नेर्बियोसो' बेचैन झाला. मराठीत दोन्हीकडे 'झाला'. पहिल्यात काहीतरी कायमचं गेलंय, दुसरं तात्पुरतं. तेव्हा 'देहार' मागे, आधी 'झाला'चा डेक. 'सोर्दो' (बहिरा), 'काल्बो' (टकला), 'ब्यूदो' (विधुर) ही विशेषणं 'केदारसे'च्या ('से'वाल्या 'केदार'च्या) बाजूला टाकली आहेत. 'त्रिस्ते' (दुःखी) दोन्हीकडे चालतं, ते सध्या बाजूला.