मणिकर्णच्या पाण्यात शिजलेला आमचा भात

काल रात्री गोव्यात डिचोलीला घरी पोचलो पण मन अजून मणिकर्णलाच आहे. हिमाचलमधल्या कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या काठी, कसोलपासून चारेक किलोमीटरवर हे एवढंसं गाव, उंची सुमारे १,७६० मीटर. एका बाजूला बर्फासारखी गार नदी धाडधाड वाहतेय आणि तिच्याच कडेला जमिनीतून उकळतं पाणी वर येतंय, गाव नुसतं वाफेत. जवळ ज्वालामुखी वगैरे काही नाही, पावसाचं नि बर्फाचं पाणी भेगांतून खोल जातं आणि तिथल्या गरम खडकांनी तापून परत वर येतं. गुरुद्वाराच्या लंगरचा भात-डाळसुद्धा याच पाण्यात शिजतो.

तिथे तांदळाची पोटली मिळते दोरी बांधलेली, पण आईने घरून रुमालात उकडा तांदूळ आणलेला, मूठभरच! तोच फडक्यात बांधून कुंडात सोडला आणि दोरी बोटाला गुंडाळून बसून राहिली. उकडाच तो, शिजायला वेळ लागला, पण काय फुलला होता एकेक दाणा! गरमगरम, डब्यातलं मिसकूट, म्हणजे आमचं कैरीचं लोणचं, आणि आम्ही चौघं.

नंतर बायकांच्या अंघोळीच्या कुंडात आई गळ्यापर्यंत पाण्यात बसली. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती आमच्याकडच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यासुद्धा हात धरूनच उतरते. बाहेर आली ती लालेलाल चेहऱ्याने, माझा हात न धरता चार पायऱ्या चढली आणि म्हणाली, बाबांना आणायला हवं होतं गो.

बाबा जाऊन आता तीन वर्षं होतील. उरलेला भात तिने नदीत सोडला.