टाळ्यांऐवजी चुटक्या

न्यूयॉर्कमधल्या माझ्या बारा दिवसांपैकी अकरा दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. जे सगळे पाहतात तेच आम्ही पाहिले. मात्र जर्सी सिटीत राहणाऱ्या मुलाला मी आल्या दिवशीच सांगून ठेवले होते की मला एक सोमवार न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीसाठी हवा आहे. १९६०च्या दशकात तिथल्या कॉफीहाऊसांत आणि नाइटक्लबांत जे गायले-वाजवले गेले, ते मी गेली तीस वर्षे ऐकत आले आहे, आणि ते ज्या खोल्यांत घडले त्या खोल्या किती मोठ्या होत्या हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

त्या खोल्या फार लहान होत्या. मॅकडूगल स्ट्रीटवर ११६ क्रमांकाच्या इमारतीसमोर मी उभी राहिले, तेव्हा फुटपाथवरून खाली तळघराकडे जाणाऱ्या अरुंद पायऱ्या तेवढ्या दिसल्या. १९५८ साली इथे ‘गॅसलाइट कॅफे’ सुरू झाला आणि १९७१मध्ये बंद पडला. छत इतके ठेंगणे होते की माणसाला ताठ उभे राहता यावे म्हणून मालकाला जमीन खणून खाली न्यावी लागली होती. मुंबईच्या इमारतींत आपण ज्याला डक्ट म्हणतो, तशी हवेसाठी ठेवलेली पोकळी या तळघरातून थेट वरच्या बिऱ्हाडांपर्यंत जात असे, आणि टाळ्यांचा कडकडाट त्या वाटेने झोपलेल्या माणसांच्या उशाशी पोहोचे. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या सोडून चुटक्या वाजवायला सुरुवात केली. गाणे संपल्यावर अंधारात शंभरेक माणसे नुसत्या चुटक्या वाजवत आहेत, हे दृश्य मी कितीतरी वेळा मनाशी रंगवले होते. बैठकीत मान डोलावून किंवा हात किंचित उचलून दिलेली दाद मला नेहमीच टाळीपेक्षा मोलाची वाटत आली आहे, त्यामुळे ही चुटकी मला परकी वाटली नाही.

समोरच, ११५ क्रमांकावर, ‘कॅफे व्हा?’ आजही चालू आहे. २४ जानेवारी १९६१ रोजी, शहरात पाऊल ठेवले त्याच दिवशी, पुढे जगप्रसिद्ध झालेला गीतकार-गायक बॉब डिलन इथे येऊन गायला. अशा कॉफीहाऊसांना ‘बास्केट हाऊस’ म्हणत, कारण गायकाला ठरलेले मानधन मिळत नसे. गाणे झाले की श्रोत्यांतून टोपली फिरे, जसे आपल्याकडे कीर्तनानंतर आरतीचे तबक फिरते. मोठ्या क्लबांत वाजवणाऱ्यांची अडचण वेगळी होती. जिथे दारू मिळते तिथे काम करायचे तर पोलिसांकडून बोटांचे ठसे देऊन ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे, आणि ते काढून घेतले की कलावंताची रोजीरोटीच बंद होई. थेलोनियस मंकसारख्या जॅझ पियानोवादकाला १९५१ ते १९५७ अशी ऐन उमेदीची सहा वर्षे या शहरातल्या क्लबांत वाजवता आले नाही. ही पद्धत थेट १९६७मध्ये संपली. इतक्या वर्षांनीही हे वाचताना माझा संताप होतो.

त्याच रस्त्यावरच्या एका जागी आम्ही संध्याकाळी बसलो आणि तिथे मला फार वाईट वाटले. एक तरुण मुलगी गिटार घेऊन एकटी गात होती आणि शेजारच्या टेबलावरची आठ माणसे तिच्याकडे पाठ करून मोठमोठ्याने हसत होती. तिने दुसरे कडवे अधिकच हळू आवाजात गायले, बहुधा लोक गप्प होतील या आशेने. पण ते गप्प झाले नाहीत. कॉफी अर्धी टाकून आम्ही उठलो. गाणाऱ्या माणसासमोर बोलत बसणे मला आजही सहन होत नाही.

तिथून चालत आम्ही सातव्या ॲव्हेन्यूवरच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये गेलो. हा जॅझ क्लब १९३५पासूनचा. लाल दरवाजा आणि खाली उतरणाऱ्या १५ पायऱ्या. त्या उतरताना मी कठडा घट्ट धरला होता, कारण १९६१च्या नोव्हेंबरमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन याच पायऱ्या उतरला होता. तेव्हा इथे ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या ‘इंडिया’ या रचनेत दोन डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्ये) मिळून तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला स्वर देतात, आणि पुढे त्याने आपल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले. खोली निमुळती, जेमतेम १२३ माणसांची. फेब्रुवारी १९६६पासून इथे दर सोमवारी सोळा जणांचा वाद्यवृंद वाजवतो, म्हणूनच मी सोमवार मागितला होता. सोळा वादक आणि आम्ही इतके जवळ होतो की ट्रॉम्बोनची नळी पुढे आली की पहिल्या रांगेतला माणूस पाय आत घेई. सुरू होण्यापूर्वीच सांगितले जाते की बोलू नका, फोन बाहेर काढू नका, आणि सगळे ते पाळतात. एका संथ रचनेच्या शेवटी बासवादक एकटाच उरला. त्याचे बोट तारेवरून उठताना होणारा खरखरीत आवाज मला ऐकू आला, आणि तो विरल्यावर क्षणभर कुणीच हलले नाही. माझे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या मुलाने न बोलता माझ्या हातावर हात ठेवला.

बाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. “आई, गाडीला उशीर होईल,” असे तो म्हणत असतानाही मी त्याला पुन्हा एकदा ११६ क्रमांकापाशी घेऊन गेले. रस्त्यावरची गर्दी ओसरली होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडी होती, आत दिवा होता, आणि कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज खाली फुटपाथपर्यंत स्वच्छ येत होता.