इंद्रलाल रॉय : तेरा दिवसांआधीचे सहा महिने

इंद्रलाल रॉय यांचा विषय निघाला, की एक आकडा हमखास सांगितला जातो : जुलै १९१८ मध्ये अवघ्या १३ दिवसांत शत्रूच्या १० विमानांवर विजय. पहिल्या महायुद्धातील भारतीय ‘एस’ वैमानिक (शत्रूच्या किमान पाच विमानांवर विजय मिळवलेला) ही त्यांची ख्याती याच आकड्यावर उभी आहे. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे वाटतात ते त्याआधीचे सहा-सात महिने, ज्या काळात त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता.

२ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या रॉय यांचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झाले. रॉयल फ्लाइंग कोअर या तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलाने सुरुवातीला त्यांना दृष्टिदोषाच्या कारणावरून नाकारले. तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असे सांगतात. एप्रिल १९१७ मध्ये ते दलात दाखल झाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रान्समधील ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले.

तिथे ६ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे एस.ई.५ए हे लढाऊ विमान कोसळले. बेशुद्धावस्थेतील रॉय यांना मृत समजून शवागारात ठेवले गेले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यातील नाट्याहून मला पुढचा भाग अधिक विचार करायला लावतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांना उड्डाणासाठी अपात्र ठरवले होते. युद्धातून सन्मानाने बाजूला होण्याची वाट एकोणीस वर्षांच्या या तरुणाला आयती मिळाली होती, आणि त्यांनी ती घेतली नाही. बरे होण्याच्या काळात ते विमानांची रेखाचित्रे काढत राहिले (त्यांतील बरीचशी आजही उपलब्ध आहेत) आणि पुन्हा उडू द्यावे म्हणून वरिष्ठांकडे आग्रह धरत राहिले.

१९ जून १९१८ रोजी ते आघाडीवर परतले, या वेळी ४० व्या स्क्वाड्रनमध्ये, तेही जॉर्ज मॅकएलरॉय या अत्यंत कुशल आयरिश वैमानिकाच्या हाताखाली. एस.ई.५ए हे एकाच वैमानिकाचे विमान होते. एक मशीनगन पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारी, तर दुसरी वरच्या पंखावर बसवलेली असे, आणि या दुसरीची गोळ्यांची चकती संपली की वैमानिकाला एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने ती बदलावी लागे. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिले जात नव्हते. एकदा विमानासह जमिनीवर आदळलेला माणूस हे सगळे पुरते जाणून पुन्हा त्याच प्रकारच्या विमानात बसला, याला मी त्या दहा विजयांपेक्षा मोठे धैर्य मानतो.

पहिला विजय ६ जुलैचा. दोनच दिवसांनी, ८ जुलैला, चार तासांत तीन. १९ जुलैला दहावा. यांपैकी पाच विमाने नष्ट झाल्याची आणि पाच ताबा सुटून खाली गेल्याची नोंद आहे, तर दोन विजय सहकाऱ्यांसह वाटून घेतलेले आहेत. त्या काळी विजय मोजण्याची हीच रीत होती, त्यामुळे या तपशिलाने रॉय यांचे श्रेय कमी होत नाही.

२२ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधील कार्व्हिनच्या आकाशात जर्मन फोकर डी.७ विमानांशी झुंजताना ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे हवाई शौर्यासाठीचे ब्रिटिश पदक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मॅकएलरॉयही त्यानंतर नऊच दिवसांनी, ३१ जुलैला, मारले गेले. पुढे रॉय यांचे भाचे सुब्रोतो मुखर्जी १९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

मराठी वाचकांसाठी आणखी एक नाव इथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते. त्याच उन्हाळ्यात, त्याच आघाडीवर मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर २३ व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन विमान चालवत होते, आणि रॉय यांच्या पहिल्या विजयाच्या जेमतेम आठवडाभर आधी, जून १९१८ च्या अखेरीस, जखमांमुळे त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.