बॅकअप आहे, पण पहिले बिल किती वाजता निघेल?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांपासून सीताबर्डीपर्यंत पाणी शिरले. घरांचे आणि गाड्यांचे नुकसान सगळ्या शहराने पाहिले. तळमजल्यावरच्या कार्यालयांत टेबलाखाली ठेवलेल्या संगणकांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. व्यापाऱ्यांच्या संगणकांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे गाळाने भरलेले सीपीयू मी जवळून पाहिले. एका कार्यालयात बॅकअपची हार्ड डिस्क खरोखरच होती, रोज रात्री तिच्यावर प्रतही घेतली जात होती, पण ती त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती आणि मूळ संगणकाबरोबर तीही पाण्याखाली गेली.

तेव्हापासून क्लाउड बॅकअपविषयी, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याविषयी, विचारणा वाढली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बहुतेकांच्या मनात क्लाउड म्हणजे गूगल ड्राइव्हसारखे, संगणकावरचा फोल्डर आपोआप वर चढवणारे साधन असते, आणि तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. असे साधन मूळ फोल्डरमध्ये जे घडेल ते तिकडेही घडवते. कर्मचाऱ्याने चुकून फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या की कुलूपबंद झालेल्याच फाइली वर जातात. ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते, पण मार्चअखेरीस सीएंनी मागेपर्यंत कोणी उघडतच नाही अशा फाइलीला ३० दिवस पुरत नाहीत. बॅकअप म्हणजे ठरावीक वेळी घेतलेल्या, एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या जुन्या प्रती, आणि त्यांतली निदान एक अशी असावी की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती मालकालासुद्धा पुसता येऊ नये. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये ही सोय उपलब्ध असते, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते.

प्रत नेमकी कोणत्या शहरात राहते, हेही विचारून घ्यावे. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांसाठी हा कायद्याचाच प्रश्न आहे, कारण इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन कंपनी लेखा नियमांत आहे आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजच्या रोज घ्यावा लागतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची केंद्रे मुंबई आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात आणि चेन्नईत. त्यामुळे नागपूरच्या व्यापाऱ्याला देशाबाहेर जाण्याची गरजच नाही. मात्र एकाच केंद्रावर सगळी भिस्त ठेवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्या दोन्ही प्रती गेल्या. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी व्यवस्था, दोन ठिकाणी ठेवलेली असूनही, सेटिंगमधल्या चुकीमुळे पुसली गेली. ती पुन्हा उभी करताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप उपयोगी पडला. म्हणून एक प्रत क्लाउडवर आणि एक मालकाच्या घरी, एरवी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

एवढे सगळे केल्यावर डेटा वाचतो. पण धंदा सुरू होतो का? संकटकाळाचे नियोजन नेमके याच प्रश्नापासून सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते. सरळ हिशेब करू. ५०० जीबी डेटा ५० एमबीपीएसच्या जोडणीवरून खाली उतरवायला, वेग क्षणभरही कमी झाला नाही असे धरले तरी, सुमारे २२ तास लागतात, आणि पूर आलेल्या वस्तीत ती जोडणी चालू असण्याचीच शाश्वती नसते. त्यामुळे आधी काय उतरवायचे, याचा क्रम शांत वेळी ठरवून ठेवावा लागतो. गेल्या दहा वर्षांचे स्कॅन केलेले कागद आठवडाभर थांबू शकतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला चालू वर्षाचा डेटा थांबू शकत नाही.

गांधीबागेतल्या एका औषधविक्रेत्याकडे आम्ही याची रंगीत तालीम केली. दुसऱ्या, कोऱ्या लॅपटॉपवर सगळे उभे करायचे आणि पहिले बिल छापून दाखवायचे, एवढीच अट होती. डेटा लवकर उतरला, पण शेवटच्या दिवसाची प्रत उघडेना, कारण ती दुपारी, टॅली चालू असतानाच घेतली गेली होती. आदल्या रात्रीची प्रत उघडली. शिवाय क्लाउडच्या खात्याचा ओटीपी काम सोडून गेलेल्या मुनिमाच्या मोबाइलवर जातो, हे लक्षात आले. बॅच क्रमांक आणि मुदतीच्या तारखा टॅलीत नसून वेगळ्या एक्सेल फाइलीत होत्या, आणि ती फाइल बॅकअपच्या यादीतच नव्हती. यातली एकही अडचण "बॅकअप यशस्वी" असा रोज येणाऱ्या ईमेलवरून कळली नसती.

"जीएसटीच्या पोर्टलवर सगळे असतेच ना, भाऊ?" असेही मला विचारले जाते. व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीची बिले तिथे सापडतील, पण उमरेडच्या दुकानदाराकडून किती येणे आहे आणि त्यातले किती त्याने गेल्या आठवड्यात रोखीने दिले, हे जगात फक्त तुमच्याच खातेवहीत असते. पूर ओसरल्यावर ती खातेवही नसेल, तर उधारी मागायला कोणत्या आधारावर जाणार?

मालकांकडून मी दोन आकडे लिहून घेतो: किती तासांच्या नोंदी गेल्या तर चालतील आणि किती तास बिलिंग बंद राहिले तर चालेल. पहिल्यावरून बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते ठरते, दुसऱ्यावरून खर्च. दिवसाला शंभर बिले करणाऱ्याला रात्रीची एक प्रत पुरते, कारण चालानांवरून एका दिवसाच्या नोंदी पुन्हा करता येतात. कळमन्याच्या बाजारात पहाटेपासून तोलाई आणि लिलाव चालवणाऱ्या अडत्याला ती पुरणार नाही. हे आकडे, कामाचा क्रम, सेवा देणाऱ्यांचे फोन नंबर आणि ओटीपी कोणाकडे येतो ही माहिती कागदावर छापून मालकाच्या घरी ठेवावी. पासवर्ड मात्र त्याच कागदावर लिहू नयेत, ते वेगळ्या पाकिटात बंद करावेत. तालमीसाठी आम्ही मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरतो: मार्चअखेरची धावपळ संपलेली असते आणि पाऊस अजून यायचा असतो.