बसऱ्याला गेलेले पणजोबा खरंच ‘पळाले’ होते का?

कोकणात आणि साताऱ्याकडे बऱ्याच घरांत पहिल्या महायुद्धात फौजेत गेलेले एक पणजोबा असे असतात, ज्यांची दोनच वाक्यं उरलेली असतात: ‘पलटणीतून पळाले’ आणि ‘बसऱ्याला (आजच्या इराकमधल्या बंदराला) गेले ते आलेच नाहीत’. पळालेला माणूस लढाईत मेला कसा, हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही. तो विचारायलाच हवा.

आधी पलटण शोधा. पहिल्या महायुद्धाच्या दोन गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर (ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर) ती मागच्या बाजूला असते. मृताच्या वारसांना मिळालेल्या मोठ्या कांस्य चकतीवर मात्र फक्त नाव असतं, तिच्यावरून पलटण कळत नाही. तेव्हाच्या मराठा पलटणी सहा: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये त्या एकाच रेजिमेंटखाली आल्या आणि आकडे बदलले. घरात ‘जंगी पलटण’ म्हणत असतील तर १०३ पाहा, ‘काळी पाचवी’ म्हणत असतील तर १०५. महार कुटुंबांनी १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण विसरू नये. सॅपर्स आणि पायोनियर, म्हणजे रस्ते-पूल-खंदकांचं काम करणाऱ्या पलटणींतही आपली माणसं होती.

मग युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरची यादी. इथे घोळ स्पेलिंगचा. इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय, तेव्हा आडनाव सोडा आणि पलटणीचा नंबर धरून वडिलांचं नाव, गाव, तालुका पाहत जा. जिल्हा तेव्हाचा घ्या: आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात. खेड तालुका पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. नुसता शिपाई नंबर जुळला म्हणून हुरळून जाऊ नका. नंबर पलटणीपुरता असायचा, तोच दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असू शकतो.

आता ‘पळाले’ या ठपक्याकडे. १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टखाली विनापरवानगी गैरहजेरी वेगळी आणि फरारी वेगळी. परत न येण्याचा किंवा महत्त्वाची कामगिरी टाळण्याचा इरादा असेल तर फरारी. रजा संपल्यावर उशिरा हजर झालेला शिपाई गावाच्या तोंडी सहज ‘पळालेला’ होतो. भारतीय फौजेत कमांडिंग ऑफिसर एकटाच समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट लष्करी खटला, चालवू शकत असे. दोन अधिकारी नुसते हजर असत, आणि शिक्षा फार तर वर्षभराची कैद. फटक्यांची शिक्षा १९२० पर्यंत होती. शिक्षा भोगून माणूस पुन्हा पलटणीत उभा राहत असे आणि तिथेच मरतही असे. म्हणून पदकावर ‘नाईक’ (शिपायाच्या वरचा हुद्दा) आणि मृत्यूच्या नोंदीत ‘शिपाई’ दिसलं, तर हुद्दा काढल्याची शक्यता आहे, कारकुनाची चूकही असू शकते.

कमिशनच्या यादीत येण्यासाठी गोळीच लागायला हवी असं नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना कुठल्याही कारणाने मेलेला शिपाई त्यात येतो, कोर्ट मार्शलने गोळी घातलेलासुद्धा. फरारी, भित्रेपणा अशा गुन्ह्यांत ज्यांना देहदंड झाला, त्यांना २००६ च्या ब्रिटिश कायद्याने माफी दिली आणि तीत १९११ च्या भारतीय कायद्याखालचेही आहेत. अशा पणजोबांबद्दल घरात खालच्या आवाजात बोलायचं काहीच कारण उरलेलं नाही.

पलटण १०३, ११० किंवा ११७ निघाली, तर आजच्या इराकमधल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याचा विचार आधी करा: ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शिधा घटत गेला, घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारलं, स्कर्व्ही (ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा आजार) पसरली, आणि शरणागतीनंतर तुर्कांची कैद. कैदेत गेलेल्यांच्या मृत्यूची तारीख बरेचदा अंदाजाने धरलेली असते. एकाच पलटणीत एकाच तारखेला रांगेने नावं दिसली तर तेच समजा. माझा कयास असा, की घरच्यांना वर्षानुवर्षं काही कळलं नाही आणि ‘बेपत्ता’चं हळूहळू ‘पळाला’ झालं.

मृत सैनिकांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर नाव शोधू नका. तिथे साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणवार नुसता आकडा टाकला. हे मला आजही खुपतं.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहाल, तेव्हा नंबर, जुनी पलटण, नाव, वडील, गाव आणि तेव्हाचा तालुका एवढं सगळं एका पानात द्या, सोबत पदकाच्या कडेचा फोटो. आणि त्या फोटोसाठी पदक घासून चकाचक करू नका. कडेवरची अक्षरं झिजतात.