भोक आधी मोठे करा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात दिवाणखाना आणि अभ्यासाची खोली यांच्यामध्ये जिप्सम बोर्डची भिंत आहे. आत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, दोन्ही अंगांना साडेबारा मिलिमीटर जाडीचे बोर्ड आणि मध्ये पोकळी, एवढेच तिचे पोट. मे महिन्यात सोफा सरकवताना त्याचा पाय तिच्यात घुसला आणि नारळ मावेल एवढे भोक पडले.

माझी पहिली दुरुस्ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यांवर मी व्हाइट सिमेंट थापले. चार दिवसांनी दार आपटताच ती अख्खी वडी फरशीवर येऊन पडली. बोर्डच्या उघड्या कडांनी सिमेंटमधले पाणी शोषून घेतल्यामुळे ते नीट धरले नव्हते आणि मागे त्याला आधारही नव्हता.

मग गणपती पेठेत चौकशी केली. बोर्ड मिळत होता, पण सहा बाय चार फुटांचा अख्खा, आणि मला हवा होता वीतभर तुकडा. शेवटी फॉल्स सीलिंगचे काम करणाऱ्या एका कारागिराने उरलेला तुकडा फुकट दिला आणि त्याहून मोलाचे एक वाक्य ऐकवले : "साहेब, भोक आधी मोठं करा."

धडधाकट दिसणारी भिंत आणखी कापायला हात धजत नाही. पण भोकाभोवतीचा बोर्ड आतून भुगा झालेला असतो आणि भुग्यावर काहीही टिकत नाही. मेन स्विच बंद करून, पोकळीतून वायर जात नाही हे टॉर्चने पाहून, मी पक्क्या बोर्डपर्यंत चौकोन आखला आणि कटरने कापला. आत लाकडाच्या दोन पट्ट्या आडव्या धरून भिंतीबाहेरून स्क्रूने आवळल्या. पट्टी आत पडू नये म्हणून तिला सुतळी बांधून ठेवली होती, हे शहाणपण पहिली पट्टी पोकळीत गमावल्यावर आलेले. मग मापाचा तुकडा त्या पट्ट्यांवर बसवला. स्क्रूचे डोके बोर्डवर चिकटवलेल्या कागदाच्या किंचित खाली जावे, पण कागद फाटू नये. बोर्डची बरीचशी ताकद त्या कागदात असते आणि तो फाटला की स्क्रू नुसत्या भुकटीत उभा राहतो.

सांध्यांवर जाळीची टेप लावून जॉइंटिंग कंपाउंडचे, म्हणजे सांधे बुजवायच्या लुकणाचे, तीन हात दिले. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, शेवटचा जवळजवळ फूटभर, म्हणजे फुगवटा एका जागी न राहता भिंतीत विरून जातो. खरी परीक्षा संयमाची होती, कारण तोवर पाऊस सुरू झाला होता आणि एरवी दिवसात वाळणारा थर दोन दिवस ओलाच राहत होता. घाई करून ओल्यावर पॉलिश पेपर फिरवला, तर थराच्या गुठळ्या होऊन निघाल्या. नीट वाळल्यावर १८० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवला आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकला, तेव्हा डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या जागेत दोन खळगे सापडले.

ही सगळी खटपट कोरड्या बोर्डसाठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. अशा पाण्यात भिजलेला जिप्सम बोर्ड वाळला, तरी मऊ पडतो, त्याच्या कागदावर बुरशी धरते आणि पाणी दिसते त्या रेषेच्याही वर कागदातून चढलेले असते. तिथे ठिगळाचा उपयोग नाही. रेषेच्या वरपर्यंतचा बोर्ड काढूनच टाकावा लागतो. नदीच्या बाजूला तळमजल्यावर अशी भिंत घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या ठिगळावर प्रायमर लावून जुन्या डब्यातला रंग दिला. भिंत सपाट झाली, पण चौकोन गडद उठून दिसला; पाच वर्षांत भिंतीचा रंग उतरला होता आणि डब्यातला नव्हता. अख्खी भिंत रंगवायला आणखी दोन लिटर आणावा लागला.