आबांची सुट्टी

जर्मनीतल्या स्टुटगार्टमधला माझा पहिलाच महिना. दुपारी चार वाजता शेजारच्या टेबलावरचा माणूस ड्रॉइंग अर्ध्यावर सोडून उठला, 'फायरआबेंड' म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. फायरआबेंड म्हणजे आजचं काम संपलं, आता मी माझा. मनात म्हटलं, असल्या आळशी लोकांच्या गाड्या जगभर खपतात कशा? मी इमानदारीत सातपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी साहेबानं कौतुक करायचं सोडून काळजीनं विचारलं, "वेळेत आवरत नाही का तुला?"

कोल्हापुरात उद्यमनगरच्या फाउंड्रीत राबलेल्या माणसाचा मी पोरगा. मला हे पचायला वेळ लागला. आबा मोल्डर होते. वाळूचे साचे तयार करायचे आणि भट्टी लागली की वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. ओतकामाच्या दिवशी ते घरी कधी येतील याचा नेम नसायचा. पायावर ठिणग्यांचे डाग अजून आहेत. काम आवडतं का, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. त्यांच्या वडिलांना शाहू मिलचा भोंगा पुरेसा होता. शाहू महाराजांनी 1906 साली उभी केलेली ती मिल, आणि शेती नसलेल्या माणसाच्या हातात महिन्याच्या महिन्याला पगार! आबांना त्यापुढं दोन खोल्यांचं पक्कं घर हवं होतं आणि माझं इंजिनिअरिंग. मला काय हवं होतं? खरं सांगायचं तर ते डाग नको होते, एवढंच.

आता पुतण्यानं कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतली नोकरी आठ महिन्यांत सोडली. "काका, पगार बरा होता, पण शिकायला काही मिळत नव्हतं." आबा फोनवर तडकले, "शिकायला शाळा हाय की! नोकरीत काय शिकतोय?"

त्यांना शांत करायला मी इथली गोष्ट सांगितली. हे चारला उठणारे लोक जन्मतः असे नव्हते. 1950 च्या दशकात इथंही शनिवारी कामावर जायचे. 1956 साली कामगार संघटनांनी एक पोस्टर काढलं, त्यावर एक लहान पोरगं म्हणतंय की शनिवारी बाबा माझा. पुढं 1984 साली 35 तासांच्या आठवड्यासाठी मोठा संप झाला, आणि पश्चिम जर्मनीतल्या धातू उद्योगात तो आठवडा प्रत्यक्षात यायला 1995 उजाडलं. माझ्या शेजारच्या सायकलवाल्याला यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. त्याला चार वाजता उठणं हे उन्हासारखं आपोआप मिळालेलं.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाले, "आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी असायची. पण तू शाळंला जायाचास."